घाट चढण्याआधी गाडीचे पाणी

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे दोन शेजारी तालुके. मुंबईहून येणारा रस्ता इथपर्यंत जवळजवळ सपाट येतो आणि इथे त्याच्यासमोर सह्याद्री उभा राहतो. शहापूरकडून मुंबई–आग्रा रोड आसनगाव, आटगाव, खर्डी करत कसाऱ्याला पोहोचतो आणि कसारा घाटाने, म्हणजे जुन्या थळ घाटाने, इगतपुरीला चढतो. मुरबाडकडून कल्याण–नगर रोड सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी करत माळशेज घाटात शिरतो आणि जुन्नर तालुक्यात उतरतो.

या चढांना इतिहास आहे. कसारा घाटातून रेल्वे १८६५ साली इगतपुरीला पोहोचली. सुमारे १५ किलोमीटरांत ती सुमारे ३०० मीटर चढते. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो चढ आहे, म्हणून आजही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. मुरबाडच्या बाजूला वैशाखऱ्याहून नाणेघाटाची पायवाट निघते. ती त्याहून कितीतरी जुनी. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला जात असे. वर गुहेत ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, आणि वाटेवर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना एक गोष्ट पक्की माहीत होती: घाट चढणाऱ्याला पाणी लागते. बैलाला लागते, माणसाला लागते. पुढे मोटारी आल्या, त्यांनाही लागू लागले.

गेल्या मे महिन्यात आमच्या घरची जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन आम्ही माळशेजमार्गे जुन्नरला खालाच्या मुलीच्या निकाहाला गेलो. त्या प्रवासाची आणि त्याआधी गाडीच्या रबरी पाइपांवर घालवलेल्या दोन रविवारांची ही हकीकत. वाचक भगिनींनी विषय पाहून पान उलटू नये. कुकरची रिंग कधी बदलायची हे ज्यांना कळते त्यांना यातले सर्व काही कळेल.

गाडी अब्बांची. त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवली आणि गावी परतताना स्वतःसाठी एक पांढरी पद्मिनी घेतली, तीही जुनीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनत असे. १९६४ साली ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघाली, १९७४पासून ‘पद्मिनी’ झाली आणि शतक संपता संपता बंद पडली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस गेली. त्या दिवशी अब्बा टीव्हीसमोरून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते.

तिचे इंजिन १०८९ सीसीचे. त्याचे मूळ इटलीतल्या १९३७च्या फियाट ५०८ सी गाडीपर्यंत जाते. त्याच फियाट इंजिनावर दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत चिसितालिया २०२ नावाची देखणी स्पोर्ट्स कार बांधली गेली, आणि तिचा एक नमुना न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलेला आहे. हे मी अब्बांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे आपली गाडी म्युझियमवाल्यांच्या खानदानातली आहे.” तेव्हापासून कोणी गाडीला खटारा म्हटले की हे वाक्य ऐकवले जाते.

निकाहाला अब्बांना याच गाडीने जायचे होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, एसटीची पायरी चढवत नाही. भाड्याची गाडी करू, असे माझे पती म्हणाले. अब्बा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा त्याचा अर्थ घरात सर्वांना कळतो. पण सोबत अम्मी, माझी दोन मुले आणि वाटेत मुरबाडहून आपा. एवढी माणसे बसवून मे महिन्याच्या उन्हात माळशेज चढायचा, तर गाडी खात्रीची पाहिजे. आणि गाडी त्या दिवसांत खात्रीची नव्हती.

तिची तक्रार अशी होती. शहापूर गावात, भातसेच्या पुलापलीकडे, बाजारात, शाळेच्या वाटेवर ती व्यवस्थित चाले. खर्डीच्या पुढे चढ लागला आणि इंजिन जोरात फिरू लागले की तापमानाचा काटा हळूहळू वर सरके. सावलीत थांबवून इंजिन मंद चालू ठेवले की पाच-सात मिनिटांत खाली येई. शिवाय दर रविवारी रेडिएटरमध्ये अर्धा पेला पाणी कमी भरे. गाडीखाली मात्र थेंब नाही.

इथे गाडीत पाणी कशासाठी असते ते थोडक्यात सांगते. इंजिनात पेट्रोल जळते. त्या उष्णतेचा थोडाच भाग चाके फिरवतो. उरलेल्यातला बराचसा धुराबरोबर जातो आणि बाकीचा लोखंडात साठतो. तो बाहेर काढला नाही तर इंजिन जाम होईल. म्हणून इंजिनाच्या भिंतींतून पाणी फिरवतात. गरम पाणी वरच्या रबरी पाइपातून पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने थंड होते, आणि खालच्या पाइपातून पुन्हा इंजिनात ओढले जाते. ओढणारा पंप म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात तो. रेडिएटर गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो आणि इंजिन चालताना हलते, म्हणून या दोघांमधला सांधा लोखंडाचा चालत नाही, रबराचा लागतो. आणि रबर म्हातारे होते.

शहापूरच्या ज्या गॅरेजात आमची गाडी जाते तिथले चाचा अब्बांपेक्षा थोडे लहान, त्यांना भाईजान म्हणतात. त्यांच्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गाडी दाखवली होती. तिथे पाच मिनिटांत रेडिएटर बदला असे सांगितले गेले. चाचांनी आधी चहा मागवला आणि मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही मुलाला ताप आला तर लगेच ऑपरेशन करता का? आधी जीभ बघता, पोट दाबता. तसंच आहे हे.”

त्यांनी केलेली तपासणी मी वहीत क्रमाने लिहून घेतली. ती इथे देते, कारण ती कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते.

पहिले म्हणजे इंजिन पूर्ण गार हवे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तपासावी. गरम इंजिनाचे रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल होताच दाब जातो, त्याच क्षणी ते उकळते आणि वाफेसकट उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. चाचांच्या डाव्या मनगटावर अशा वाफेचा तीस वर्षांपूर्वीचा डाग आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला ते पहिल्या दिवशी तो दाखवतात. कोणाला असे भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नये, आणि डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरे, फॅनचा पट्टा. पद्मिनीत पंखा आणि पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा ढिला असेल तर दोन्ही मंद होतात. अंगठ्याने दाबून पाहिला, ठीक होता.

तिसरे, पाइपांची टोके. जिथे क्लिप आवळलेली असते तिथे पाहायचे. आमच्या वरच्या पाइपाच्या इंजिनाकडच्या टोकाला पांढरट-तांबूस थर जमला होता, जुन्या नळाच्या तोटीला जमतो तसा. चाचा म्हणाले, “हा घ्या तुमचा अर्धा पेला.” तिथून पाणी झिरपत होते, पण गरम धातूवर पडून लगेच वाळत होते. म्हणून जमिनीवर थेंब दिसत नव्हता, फक्त पाण्यातला क्षार मागे उरत होता.

चौथे, दाबून पाहणे. पाइप मधोमध दाबायचा आणि मग क्लिपच्या अगदी जवळ दोन बोटांच्या चिमटीत दाबायचा. चांगला पाइप दोन्हीकडे सारखाच लागतो, घट्ट आणि लवचीक. टोकाजवळ तो पिठाच्या गोळ्यासारखा मऊ लागला, किंवा आत काही कुरकुरल्यासारखे वाटले, तर तो आतून फाटू लागला आहे. रबर बहुतेक वेळा आतून आणि टोकाकडून खराब होते. वरून काळाभोर, तुळतुळीत दिसणारा पाइप आतून चिरलेला असू शकतो. उलट पाइप दगडासारखा कडक झाला असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील, कुठे फुगवटा आला असेल किंवा इंजिनाचे तेल पडून चिकट झाला असेल, तरी तो बदलायचाच.

पाचवी तपासणी मला सर्वांत आवडली, कारण चढावरच काटा का चढतो याचे उत्तर तिने दिले. चाचांनी इंजिन चालू करून गरम होऊ दिले. मला ओढणी मागे घट्ट बांधायला लावली आणि पंख्यापासून दूर उभे केले. हे फार महत्त्वाचे आहे. फिरत्या पंख्याजवळ ओढणी, बाही, तस्बीह, लोंबती चावी काहीही नको. मग पोराला सांगितले, “दे रेस.” इंजिन जोरात फिरू लागले आणि खालचा पाइप माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला, मुलाने फ्रूटीच्या रिकाम्या डब्यातून हवा ओढावी तसा. रेस सोडली, पाइप पुन्हा गोल.

खालच्या पाइपातून पंप पाणी ओढतो, ढकलत नाही. ओढताना पाइप आत दबू नये म्हणून पुष्कळ गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग घातलेली असते. वर्षानुवर्षे साधे विहिरीचे पाणी भरल्याने आमची स्प्रिंग गंजून गेली होती आणि रबरही मऊ पडले होते. सपाटीवर पंप सावकाश ओढतो, तेव्हा पाइप कसाबसा तग धरतो. चढावर इंजिन जोरात फिरते, पंप जोरात ओढतो, पाइप चपटा होतो आणि जेव्हा पाणी सर्वांत जास्त हवे तेव्हाच ते बंद होते. थांबून बॉनेट उघडेपर्यंत पाइप पूर्ववत. म्हणून कोणाला सापडत नव्हते. रेडिएटर बदलला असता तरी काटा चढतच राहिला असता.

एक फरक लक्षात ठेवावा. इंजिन गार झाल्यावर पाइप चपटा दिसत असेल, तर दोष बहुधा टोपणाचा असतो. टोपणात एक छोटी झडप असते. पाणी थंड होऊन आकसले की ती हवा किंवा पाणी आत घेते. ती अडकली की पाइप चपटा होतो. आणि पाणी कमी होते आहे, बाहेर कुठेच खूण नाही, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो आहे किंवा इंजिनाचे तेल चहासारखे दुधाळ दिसते आहे, तर तो हेड गॅस्केटचा आजार. तो घरी हाताळण्यासारखा नाही.

पुढच्या रविवारी पाइप बदलले. जुने पाइप नमुना म्हणून दुकानात न्यावे लागतात, कारण आतला व्यास आणि वळण दोन्ही जुळले पाहिजेत. सरळ पाइप जबरदस्तीने वाकवून बसवला तर वळणावर मोडतो आणि तिथेच पाणी अडते. हल्ली चांगले पाइप ईपीडीएम नावाच्या रबराचे येतात. ते उष्णता आणि कूलंट सहन करतात, पण तेल आणि ग्रीस त्यांना सोसत नाही. क्लिपाही नव्या घ्याव्यात.

काम असे झाले. गार इंजिन, टोपण उघडे, रेडिएटरच्या तळाची तोटी सोडून सगळे पाणी परातीत घेतले. ज्यांच्या गाडीत हिरवे किंवा लाल कूलंट आहे त्यांनी ते उघड्यावर मुळीच ओतू नये. ते चवीला गोडसर आणि विषारी असते. मांजर, कुत्रा, कोंबडी पिते आणि मरते. लहान मुलांनाही तोच धोका आहे. मग क्लिपा ढिल्या केल्या. जुना पाइप धातूला चिकटून बसला होता. जोर लावून ओढायला मी हात घातला, तेवढ्यात चाचांनी थांबवले. रेडिएटरची मान पातळ पितळेची, डाग देऊन जोडलेली असते. ओढाताणीत ती निसटली तर शंभराच्या कामाचे हजारांचे काम होते. त्यांनी ब्लेडने पाइपाला लांबीत चीर दिली आणि केळ्याची साल काढावी तसा तो सोलून काढला. आतून पाहिला तर टोकाला अंगठ्याएवढ्या तीन भेगा. बाहेर एकही पोहोचली नव्हती, एक मात्र आता पोहोचणारच होती.

धातूच्या माना पॉलिश पेपरने स्वच्छ केल्या. नवा पाइप सरकायला साबणाचे थोडे पाणी लावले. मानेला कडेशी एक उंचवटा असतो. पाइप त्याच्या पुढे जाईल इतका आत घालायचा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे आवळायची. टोकावरच आवळली तर दाबाने निसटते. फार आवळली तर रबर कापते. मग निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण सावकाश भरले. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. त्यात गंज रोखणारी द्रव्ये असतात, आणि निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंशांनी जास्त असतो. माळशेजचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे, तिथे साधे उघडे पाणी दोन-अडीच अंश आधीच उकळते. घाटात हे सहा-सात अंश उपयोगी पडतात.

शेवटी टोपण उघडे ठेवूनच इंजिन मंद चालू केले. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली, पाण्याची पातळी खाली गेली, पुन्हा भरली, टोपण लावले. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर क्लिपा पुन्हा अर्धा फेरा आवळल्या, कारण नवे रबर एकदा तापून गार झाले की थोडे बसते. आठवडाभर गावात चालवून पाहिली, पातळी केसभरही हलली नाही. चाचांनी जुना वरचा पाइप फेकू दिला नाही, डिकीत ठेवायला लावला नाही, माझ्या हातात दिला. “शाळेत दाखवा पोरांना. बाहेरून बघून कोणाची पारख करू नये, हा धडा यात आहे.”

प्रवासाच्या दिवशी फजरनंतर लगेच निघालो. डिकीत वीस लिटरचा पाण्याचा कॅन, दोन जादा क्लिपा, स्क्रूड्रायव्हर आणि कापडी टेप. जुन्या काळी गाड्यांच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकवलेली असे, हा कॅन तिच्या जागी. शहापूरहून मुरबाडचा रस्ता भातसा आणि काळू या नद्यांचा मुलूख ओलांडत जातो. पावसाळ्यात इकडे डोळ्यांना हिरव्याखेरीज रंग दिसत नाही. मे महिन्यात भाताची खाचरे वाळून त्यांच्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि फक्त करवंदाच्या जाळ्या आणि आंब्याची झाडे जिवंत वाटतात. मुरबाडला आपाकडे चहा-पाव झाला, तिच्या हातचा हलव्याचा डबा मांडीवर आला, आणि सरळगाव मागे टाकून आम्ही घाटाच्या दिशेला लागलो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शहापूर हा धरणांचा तालुका. तानसाचे पाणी मुंबईला १८९२पासून जाते, आणि आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. मुंबईतल्या वाचकांनी आज सकाळी वुजू केला असेल, तर तो बहुधा आमच्या तालुक्यातल्या पाण्याने. आणि याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो. विहिरी तळाला जातात, बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातही तेच. माझ्या वर्गातल्या मुली मार्चनंतर उशिरा का येतात, हे मी कधी विचारत नाही.

मोरोशीच्या अलीकडे एका पाड्याजवळ रस्त्याच्या कडेला एक जुनी छोटी गाडी बॉनेट उघडून उभी होती. वाफ निघत होती. एक तरुण नवरा-बायको, मागच्या सीटवर तान्हे मूल. तो हातात रिकामी बाटली घेऊन एका बाईशी बोलत होता. बाईच्या डोक्यावर दोन हंडे, एकावर एक. तिने वरचा हंडा उतरवला होता आणि ती तो ओतायला वाकली होती.

अब्बांनी गाडी थांबवली. गुडघे धरत उतरले आणि म्हणाले, “थांबा ताई. आमच्याकडे आहे पाणी.”

ती म्हणाली, “असू द्या की बाबा, लेकरू आहे गाडीत.”

“लेकरासाठी तुमचं पाणी घेऊ,” अब्बा म्हणाले, “गाडीसाठी नको.”

त्या हंड्यातले एक तांब्याभर पाणी तिने मुलाच्या आईला दिले. टँकर परवा आला होता, आता उद्या येईल, असे सहज सांगून तिने हंडा पुन्हा डोक्यावर चढवला. आपाने हलव्याचा डबा उघडून तिच्या पदरात थोडा हलवा बांधला. ती पाड्याकडे वळली.

त्या तरुणाला घाई होती, टोपणाकडे त्याचा हात जात होता. अब्बांनी त्याला सावलीत बसवले. गरम इंजिनावर गार पाणी ओतले तर लोखंडाला तडा जाऊ शकतो. पाऊण तास गेला. मग पाहिले तर वरचा पाइप क्लिपच्या जवळ टोकालाच फाटला होता, बाकी धड होता. अशा वेळी पाइप लांबीला पुरत असेल तर फाटलेले टोक सरळ कापून टाकता येते. अब्बांनी बोटभर तुकडा कापला, उरलेला पाइप मानेवर चढवला, आमची जादा क्लिप आवळली. हा कायमचा इलाज नव्हे, पण गावापर्यंत पोहोचवतो. कॅनमधले सहा-सात लिटर पाणी गेले. घाट चढू नका, मुरबाडला परत जा आणि दोन्ही पाइप बदलून घ्या, असे अब्बांनी बजावले. तो “जी चाचा” म्हणाला आणि वळला.

आम्ही घाटात शिरलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. पावसाळ्यात ज्या कड्यांवरून धबधबे कोसळतात आणि ज्यांच्यासाठी मुंबईची अर्धी तरुणाई इथे लोटते, ते कडे मे महिन्यात नुसते काळे, कोरडे उभे असतात. मला ते तसेच आवडतात. त्यांचा खरा आकार तेव्हा दिसतो. अब्बा दुसऱ्या गिअरवर सावकाश चढत होते. मी काट्यावर नजर ठेवून होते. तो मधल्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. बोगदा ओलांडून माथ्यावर आलो तेव्हा अम्मीने अल्हमदुलिल्लाह म्हटले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. जुन्नरला जुहरची जमात मिळाली. निकाह असरनंतर होता.

जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता पुष्कळ गाड्या कसाऱ्याचा डोंगर जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत पार करतात. चांगली सोय आहे. पण जुने घाट बंद झालेले नाहीत आणि घरोघरच्या जुन्या गाड्याही संपलेल्या नाहीत. लग्न, उर्स, दवाखाना, मुलांची परीक्षा यासाठी भरलेली गाडी घाटात जातेच. आपल्या घरांत प्रवासाची तयारी म्हणजे कपडे, डबे, औषधे आणि निघताना सफरची दुआ. यात दहा मिनिटे बॉनेटसाठी काढावीत. दुआ करणे आणि पाइप न पाहणे म्हणजे तवक्कुल नव्हे, तो आळस झाला.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका सकाळी गाडी गार असताना घरातल्या कोणीही, मुलगा असो की मुलगी, एवढे पाहावे: पाण्याची पातळी, पट्ट्याचा ताण, दोन्ही पाइपांची टोके, टोकांवरचा थर, चिमटीत लागणारा मऊपणा. ज्या गाडीत छोटे बायपासचे किंवा हीटरचे पाइप असतील तेही पाहावेत, तेच नेहमी विसरले जातात. पाइप किती वर्षांपूर्वी बदलले हे कोणाला आठवत नसेल, तर ते बदलायची वेळ झाली असे समजावे. आणि घाटात जाताना गाडीचे पाणी घरूनच न्यावे. वाटेत मागितले तर आमच्याकडचे लोक नाही म्हणणार नाहीत. ते नाही म्हणत नाहीत म्हणूनच मागू नये.